हुकूम सुटे, वेग सलग

मोटारीचा वेग ताशी ४० वरून ६० किलोमीटरवर जाताना मधली एकही किंमत गाळत नाही. मार्गिका बदलायची की नाही, याला मात्र मधले उत्तर नसते. चालक ही सलग आणि सुटी गणिते एकदमच सोडवतो. यंत्राकडून ती कशी सोडवून घ्यायची, हा प्रश्न मुंबईच्या व्हीजेटीआयमधून शिकून अमेरिकेत बर्कलीला गेलेल्या प्रवीण वरैया यांनी १९९३ साली एका लेखात नीट मांडला.

महामार्गावर संगणकाने गाड्या ताफ्याताफ्याने चालवाव्यात, असा त्यांचा प्रस्ताव होता. ताफ्यातल्या दोन गाड्यांत एक-दोन मीटर, दोन ताफ्यांत सुमारे ६० मीटर अंतर. वर्गात हिशेब करून पाहा: ताफ्यात ५ मीटर लांबीच्या १५ गाड्या, त्यांच्यामध्ये २-२ मीटर, वेग सेकंदाला २५ मीटर. एका मार्गिकेतून तासाला आठ हजारांवर गाड्या जातात. माणसे चालवतात तेव्हा दोन हजारांच्या आसपास. दोन मीटर ऐकून छाती दडपते खरी. पण पुढच्याने करकचून ब्रेक लावला तर वेगांतला फरक वाढण्याआधीच गाड्या टेकतात, धक्का हलका बसतो. धोका असतो तो मधल्या अंतरांचा.

नियंत्रणाची त्यांनी उतरंड रचली. तळाशी प्रत्यक्ष गाडी, तिच्यावर वेग व अंतर राखणारा थर, त्यावर 'जोडा', 'तोडा', 'मार्गिका बदला' असे सुटे हुकूम देणारा थर. आणखी वर रस्त्याचा व अख्ख्या जाळ्याचा विचार करणारे थर. हुकमांचे नियम संगणकाने सर्व शक्यता तपासून बिनचूक ठरवले होते.

मग तिथल्याच दत्ता गोडबोले, जॉन लिगेरोस आणि शंकर शास्त्री यांनी खालची सलग गतीही हिशेबात धरली, आणि हेच नियम तोकडे पडले! 'जोडा' हा वरच्या थराला एकच टप्पा. खाली मात्र मागच्या ताफ्याला वेग वाढवून ६० मीटर भरून काढायचे असतात, म्हणजे नेमके त्या धोक्याच्या अंतरांतून जायचे असते. तेवढ्यात पुढच्याने ब्रेक लावला तर? मला या इतिहासातले हेच पान सर्वांत मोलाचे वाटते. १९९८ साली त्यांनी उत्तर दिले ते खेळांच्या गणितातून: पुढची गाडी प्रतिस्पर्धी मानायची, आणि तिने वाईटात वाईट चाल केली तरी जोराची धडक होणार नसेल, तरच हुकूम पाळायचा.

दरम्यान, ऑगस्ट १९९७ मध्ये सॅन दिएगोच्या महामार्गावर आठ गाड्यांचा ताफा ६.५ मीटर अंतर राखत, रस्त्यात पुरलेल्या चुंबकांच्या आधाराने, चालकाने हात न लावता धावला होता. पुढच्याच वर्षी अमेरिकी सरकारने या योजनेतून अंग काढून घेतले.