गादीचा वारस आणि पुरुषाचे आरोग्य



अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी मुलांना इतिहास शिकविण्यात माझे आयुष्य गेले. त्या इतिहासातील एक गोष्ट मला नेहमी खटकत आली. तीच आज आपल्यापुढे मांडावयाची आहे.

५ एप्रिल १८४८ रोजी साताऱ्याचे छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब निवर्तले. त्यांना औरस पुत्र नव्हता. मृत्युशय्येवर त्यांनी दत्तक घेतला. परंतु लॉर्ड डलहौसीने तो राज्याचा वारस म्हणून मानला नाही आणि सातारचे राज्य खालसा झाले. त्याच्या शंभर वर्षे आधी, १७४९ साली, थोरले शाहू महाराज गेले तेव्हाही रामराजास दत्तक घेऊनच गादी चालवावी लागली. आणि रामराजाच्या मागून १७७७ साली आलेले दुसरे शाहू हेही दत्तकच. सांगलीस धुंडिराव तात्यासाहेब पटवर्धन १९०१ साली पुत्रावाचून वारले. मात्र १८५७ नंतर इंग्रजांचे दत्तकाविषयीचे धोरण पालटले होते, म्हणून १९०३ साली दत्तक आलेले चिंतामणराव आप्पासाहेब १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत गादीवर राहिले.

दत्तकाचे मुहूर्त, तंटे व खलिते यांनी दप्तरे भरली आहेत. पण वारस का नव्हता, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारला. या राजपुरुषांच्या प्रकृतीत दोष होता असे मी म्हणत नाही. तसे म्हणण्यास आधार नाही. गर्भ न राहणे, झालेली मुले लहानपणीच दगावणे आणि केवळ मुलीच होणे या तीन अगदी भिन्न गोष्टी. आपण त्या ‘निपुत्रिक’ या एकाच शब्दात कोंबल्या. वास्तविक मुलगा की मुलगी हे पित्याच्या बीजावर ठरते, हे ज्ञान १९०५ साली नेटी स्टीव्हन्स या विदुषीच्या संशोधनाने पुढे आले. तोवर, आणि त्यानंतरही, बोल लागला तो स्त्रीलाच.

जे वाड्यात तेच घरात. ‘वांझ’ हा शब्द आपण स्त्रीला लावतो. पुरुषासाठी जे शब्द आहेत ते शिवीचे, आणि त्यांचा अर्थही निराळा. कारण अंगी पुरुषत्व असूनही बीज दुर्बळ असू शकते. माझ्या लहानपणी आमच्या आळीतील एका काकूंना हळदीकुंकवाचे बोलावणे जात नसे. त्यांनी नवस केले, उपास केले; अखेर घरात सवत आली, आणि तिचीही कूस रिकामीच राहिली. मिरजेस १८९४ पासून मोठे रुग्णालय होते. पण काकांना एकदा तपासून आणावे, हे कोणाच्या ध्यानीमनीही आले नाही. मुंबई इलाख्यात हिंदूंना द्विभार्याबंदी झाली ती १९४६ साली. तोवर कित्येक घरी सवत हाच ‘उपाय’ समजला जाई.

आपले पूर्वज याविषयी अगदीच अज्ञ नव्हते. सुश्रुताने गर्भधारणेस ऋतू, क्षेत्र, अंबू व बीज ही चार अंगे सांगितली आहेत. लोकव्यवहाराने क्षेत्र तेवढे धरले आणि बीज सोडले. पुढे १६७७ साली हॉलंडात लेव्हेनहुक याने सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रजंतू पाहिले. आज डॉक्टर सांगतात की, मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारण, एकटे वा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने, असते.

शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडण्यास सुमारे अडीच ते तीन महिने लागतात. म्हणजे आज जे पेरावयाचे त्याची मशागत तीन महिन्यांपूर्वीच सुरू झालेली असते. तंबाखू, विडी, अतिमद्यपान, स्थूलता व हाताबाहेर गेलेला मधुमेह यांनी बीज बिघडते. वृषण शरीराबाहेर असतात ते थंडाव्यासाठीच. म्हणून गुऱ्हाळाच्या चुलवाणाशी किंवा ओतकामाच्या भट्टीशी सतत राबणाऱ्याने जपावे. कृष्णाकाठच्या तालमींनी बलोपासना शिकविली. पण शरीर फुगविण्यासाठी पुरुषी संप्रेरकाची इंजेक्शने टोचून घेणाऱ्याची बीजनिर्मितीच थांबू शकते. तासगावकडील द्राक्षबागाइतदारांनी आणखी एक गोष्ट ऐकावी. १९७७ साली कॅलिफोर्नियातील एका कारखान्यात जमिनीतील सूत्रकृमी मारणारे डीबीसीपी हे रसायन हाताळणाऱ्या कामगारांत वंध्यत्व आढळले. सर्वच औषधे तशी नसतात. तरी फवारणीच्या वेळी तोंड व हात झाकण्यात कसूर करू नये.

याचा अर्थ सारा दोष आता पुरुषाच्या माथी मारावा, असा नव्हे. जन्मजात दोष, वयात आल्यावर झालेले गालगुंड, वृषणाच्या फुगलेल्या शिरा ही कारणे कोणाच्या आचरणातून येत नाहीत. त्यांतील काहींवर उपचारही आहेत. माझे मागणे एवढेच, की लग्नानंतर वर्षभर गर्भ राहिला नाही, तर पहिल्याच भेटीस दोघांनी जोडीने डॉक्टरांकडे जावे. पुरुषाची तपासणी सोपी आहे. तिला ना शस्त्र लागते, ना भूल.

सातारचे राज्य गेले ते परक्याच्या अन्यायाने. आमच्या काकूंचे आयुष्य गेले ते घरच्यांनी न विचारलेल्या एका प्रश्नामुळे. तो प्रश्न आता तरी घरोघरी विचारला जावो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.