गर्भ मद्य लक्षणसमूह

गर्भावस्थेत मातेने मद्यपान केल्याने अपत्याच्या मेंदूची वाढ, चेहऱ्याची ठेवण आणि वर्तन यांत उद्‌भवणारा कायमस्वरूपी विकार. फ्रान्समधील नांत येथील बालरोगतज्ज्ञ पॉल लमवान यांनी १९६८ मध्ये अशा १२७ मुलांचे वर्णन केले, परंतु त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. १९७३ मध्ये सिअ‍ॅटलच्या केनेथ जोन्स व डेव्हिड स्मिथ यांनी विकाराला हे नाव दिले.

मद्यातील इथेनॉल वार सहज ओलांडते. गर्भाचे यकृत अपरिपक्व असल्याने इथेनॉल गर्भात रेंगाळते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, म्हणजे पुष्कळदा गर्भधारणेची जाणीव होण्यापूर्वीच, चेहरा घडविणाऱ्या पेशी मरतात. म्हणून डोळ्यांच्या फटी आखूड, वरचा ओठ पातळ आणि त्यावरची पन्हळ सपाट दिसते. पुढे चेतापेशींचे स्थलांतर बिघडते. अखेरच्या तिमाहीत मेंदू झपाट्याने वाढत असताना इथेनॉल ग्लुटामेट या उत्तेजक चेतासंदेशकाचे कार्य रोखते, गाबा या शामक चेतासंदेशकाचे वाढवते आणि असंख्य चेतापेशी स्वतःचा नाश करून घेतात. दोन्ही गोलार्धांना जोडणारा महासंयोजी पिंड पातळ राहतो, क्वचित तयारच होत नाही. अनुमस्तिष्कही लहान राहते.

अवधान, स्मृती, गणित व आवेगावरील ताबा यांत मूल मागे पडते. चेहरा सामान्य असलेल्या मुलांतही हे दोष आढळतात, आणि अशा मुलांवर हट्टीपणाचा अन्यायकारक शिक्का बसतो. विकार बरा होत नाही. लवकर निदान, स्थिर घर आणि विशेष शिक्षण यांनी पुढील अडचणी कमी होतात. गर्भारपणात मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित ठरलेले नाही.