शिलावर्तुळे, पूर्व विदर्भातील

शिलावर्तुळे : पूर्व विदर्भात लोहयुगीन लोकांनी मृतांसाठी रचलेली दगडांची गोलाकार स्मारके. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत ती विखुरलेली असून त्यांचा सर्वांत दाट पुंजका नागपूरभोवती आहे. इ.स.पू. सुमारे १००० ते ३०० हा त्यांचा सर्वसाधारण काळ मानतात. महापाषाण, महाश्म, बृहदश्म अशी नावे मराठी लेखनात चालतात. शेतात वा माळावर दगडांचे कडे उभे दिसले की आजूबाजूचे लोक ते जुन्या गवळ्यांशी जोडत. एकोणिसाव्या शतकातल्या अधिकाऱ्यांनी ही समजूत टिपून ठेवली आहे.

यांपैकी गोंदिया जिल्ह्यातला तिरोडा तालुका वैनगंगेच्या पूर्वेला, धानाच्या बांध्यांच्या मुलखात आहे. महापाषाणांच्या दृष्टीने ही पूर्वेकडची कड. १९९९ मध्ये भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे जुन्या नोंदी भंडाऱ्याच्या नावाखाली शोधाव्या लागतात. तिलोता-खैरी आणि पिंपळगाव येथील महापाषाणांचा उल्लेख अशा नोंदींत येतो. गोंदिया जिल्ह्यातल्या मल्ली येथे पुढे लोहयुगीन वस्तीचे उत्खनन झाले. तिरोड्याच्या परिसराचा प्राचीन इतिहास समजून घ्यायचा तर वैनगंगा, तिला मिळणारी कन्हान आणि कन्हानला मिळणारी पेंच या नद्यांचे खोरे एकत्रच पाहावे लागते.

वर्तुळाची रचना साधी असली, तरी कष्टाची आहे. आधी जागा निवडून जमीन थोडी खोदलेली असे किंवा नुसती सपाट केलेली असे. तिथे अस्थी, भांडी, हत्यारे, दागिने मांडून वर चिकण काळी माती घट्ट भरत. त्यावर गोटे आणि मुरुमाचा ढीग रचत आणि भोवती मोठमोठे धोंडे लावून कडे पुरे करत. दक्षिणेत, विशेषतः कर्नाटकात, दगडी फळ्यांची पेटी करून तीत अस्थी ठेवण्याची चाल होती. विदर्भात अशी पेटी सहसा सापडत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात हिरापूर येथे मात्र दगडी फळ्यांची घरासारखी स्मारके आहेत. पुष्कळ वर्तुळांत अख्खा सांगाडा नसतो. प्रेत आधी दुसरीकडे ठेवून नंतर निवडक हाडे आणून पुरली असावीत, असा त्याचा अर्थ लावतात. विदर्भातल्या जमिनीत हाडे नीट टिकत नाहीत, त्यामुळे वय, लिंग, आजार यांबद्दल फार थोडे हाती लागते. हे लोक कसे दिसत, कशाने मरत, याविषयीची विधाने म्हणून जपूनच करावी लागतात.

या दगडांचा अभ्यास मिशनरी आणि मुलकी अधिकाऱ्यांनी सुरू केला. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना दगडांचा, जीवाश्मांचा आणि गोंडी बोलीचा सारखाच नाद होता. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळची शिलावर्तुळे पाहून परतताना अंधारात पुराच्या ओढ्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे कागद मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. पुढे जे. एच. रिव्हेट-कार्नॅक यांनी नागपूर-काटोल रस्त्यावरच्या जुनापाणी येथील वर्तुळांचे वर्णन १८७९ मध्ये प्रसिद्ध केले. तिथे सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. त्यांतल्या काही धोंड्यांवर वाटीसारखे लहान खळगे ओळीने कोरलेले दिसतात. बोट ठेवले तर टेकेल एवढेच त्यांचे माप, पण ते मुद्दाम कोरलेले आहेत यात शंका राहत नाही. सूर्याच्या दिशांशी त्यांचा संबंध असावा असे मत मांडले गेले आहे. त्यावर एकमत नाही.

शास्त्रशुद्ध उत्खनने स्वातंत्र्यानंतरची. जुनापाणीची तीन वर्तुळे बी. के. थापर यांनी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे १९६१-६२ च्या सुमारास खोदली. त्यानंतरचे मोठे काम शां. भा. देव यांचे. नागपूर विद्यापीठात आणि नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी टाकळघाट-खापा, माहूरझरी, नायकुंड ही स्थळे उजेडात आणली. टाकळघाटला वस्ती आणि शेजारच्या खाप्याला दफने अशी जोडी मिळाल्याने मेलेल्यांबरोबर जिवंतांकडेही पाहता आले. केवळ दफनांच्या आधारे समाज रेखाटण्याची सवय मोडायला ही उत्खनने फार उपयोगी पडली.

दफनांत सर्वांत ठळकपणे दिसतो तो घोडा. माहूरझरी, खापा, नायकुंड, भागीमोहारी येथे घोड्याची हाडे व दात माणसांच्या अवशेषांबरोबर मिळाले. माहूरझरीला घोड्याच्या तोंडावर चढवायचा तांब्याच्या पत्र्याचा साज सापडला. पातळ लांबट पत्रे आणि त्यांवर लोखंडी गुंड्या. लोखंडी लगामही मिळाले. घोडा इथल्या जंगली, पावसाळी मुलखात सहज पोसता येणारे जनावर नाही. तो बाळगायचा, सजवायचा आणि धन्याबरोबर पुरायचा, हा खर्च प्रत्येक घराला परवडणारा नव्हता. बहुतेक वर्तुळांत घोडा नाही, यालाही तेवढेच महत्त्व आहे. कोणी घोड्यासह गेले, कोणी दोन मडक्यांसह. समाजात मानाची उतरंड होती, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. घोडा असलेला माणूस योद्धा होता, पुढारी होता की कळपांचा धनी होता, हे मात्र साजावरून ठरत नाही.

लोखंडाची विपुलता हे विदर्भातल्या दफनांचे दुसरे वैशिष्ट्य. सपाट कुऱ्हाडींवर दांडा घट्ट बसावा म्हणून आडव्या लोखंडी पट्ट्यांची कडी घातलेली असते. ही घडण या भागाची ओळखच झाली आहे. तिच्याबरोबर छिन्न्या, खंजीर, बाणांची टोके, कढईसारखी भांडी, पळ्या आणि नखे काढण्याची छोटी अवजारे मिळतात. माहूरझरीच्या एका खंजिराला पाते लोखंडाचे आणि मूठ तांब्याची आहे. पेंच नदीकाठच्या नायकुंड येथे देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. तिच्याभोवती धातूचा मळ आणि भात्याची हवा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्या पडल्या होत्या. दफनातली कुऱ्हाड दूरच्या बाजारातून आणलेली असण्याची गरज नव्हती. धातू गाळणारे हात त्याच मुलखातले होते, हे या एका भट्टीने दाखवले. छिन्नी आणि कुऱ्हाड मृताबरोबर ठेवणारा समाज सुतारकीला आणि जंगलतोडीला मान देत होता, असेही म्हणता येईल.

दागिन्यांत कार्नेलियन, अकीक, जास्पर यांचे मणी प्रमुख आहेत. काही कार्नेलियन मण्यांवर पांढऱ्या रेघा असतात. क्षारयुक्त द्रवाने नक्षी काढून मणी तापवला की रेघा दगडात मुरतात, पुसल्या जात नाहीत. माहूरझरीला पुढच्या काळात मणी घडवण्याचा मोठा उद्योग होता. अर्धवट घासलेले, भोक पाडताना फुटलेले मणी आणि दगडांचे तुकडे तिथे मुबलक मिळाले. सोन्याचे दागिने थोडे आणि पातळ पत्र्याचे. तांब्याच्या बांगड्या आणि भांडी आहेत. काही झाकणांच्या माथ्यावर पक्षी बसवलेले आहेत. जेवणाच्या भांड्यावर इतकी निगुतीची कारागिरी करून ते कायमचे मातीत ठेवून देणे, यात मृताविषयीची माया स्पष्ट दिसते. मातीची भांडी आतून काळी, बाहेरून लाल असतात. भांडे पालथे घालून भाजले की आतल्या भागाला हवा मिळत नाही आणि तो काळा राहतो.

याआधीच्या ताम्रपाषाणयुगात, पश्चिम महाराष्ट्रात, दफनाची रीत अगदी वेगळी होती. घोड नदीकाठच्या इनामगावला मृताला राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत. लहान मुलांना दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून ठेवत. मोठ्या माणसांची पावले घोट्याखाली तोडलेली असत. एक पुरुष मात्र चार पायांच्या, कच्च्या मातीच्या रांजणात बसवलेला सापडला, आणि त्याची पावले शाबूत होती. त्याला पुढारी मानतात. नेवाशाला एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती; तांब्याच्या गंजामुळे मण्यांतला धागा टिकून राहिला. त्या धाग्यात कापूस आणि रेशीम ओळखता आले. विदर्भातले लोक मृताला घरातून बाहेर काढून गावापासून दूर माळावर नेऊ लागले, हा मोठा फरक आहे. वर्तुळ दुरूनही दिसते; एका घरापुरते असलेले दुःख त्यामुळे साऱ्या समूहाच्या नजरेसमोर आले.

हे लोक भटके पशुपालक होते की शेतकरी, यावर बराच वाद झाला. वस्तीच्या खुणा कमी आणि वर्तुळे पुष्कळ, म्हणून पहिले मत रूढ झाले. वस्त्यांच्या उत्खननात भात, गहू, जव, मसूर यांचे जळके दाणे मिळाल्यावर ते तसेच्या तसे टिकले नाही. जनावरे आणि शेती दोन्ही होती, आणि भातासाठी हे खोरे तेव्हाही अनुकूल होते, असे मानणे अधिक रास्त आहे. पुढे याच मुलखात अडम आणि पवनीसारखी तटबंदीची नगरे उभी राहिली. पवनीला बौद्ध स्तूप झाले. लोखंड, मणी आणि धान यांच्या बळावर जमलेली संपत्ती त्यामागे असावी.

गडचिरोलीच्या भामरागड भागात माडिया समाज मृतांच्या नावे आजही उभे दगड रोवतो. या चालीवरून प्राचीन वर्तुळे माडियांच्या पूर्वजांची होती असे सिद्ध होत नाही. तरी दगड निवडण्याला, वाहून आणण्याला किती माणसे लागतात आणि त्या दिवशी गाव कसे एकत्र येते, हे समजायला ती फार मोलाची आहे.

वर्तुळांतले धोंडे धुऱ्यासाठी, घरांच्या पायासाठी, गिट्टीसाठी उचलले जातात. नागपूरभोवतीची पुष्कळ वर्तुळे शहराच्या वाढीत गेली. उत्खननातल्या वस्तू मुख्यत्वे नागपूर विद्यापीठ आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांच्या संग्रहांत आहेत.