खजुराची कॉपी-पेस्ट

जून-जुलैमध्ये पुण्या-मुंबईत हातगाड्यांवर पिवळ्या-लाल ओल्या खजुराचे घड दिसू लागतात. बहुतेक माल कच्छचा. एका घडातलं फळ मधासारखं, तर शेजारच्याच घडातलं इतकं तुरट की जीभ ओढली जाते. कारण कच्छमधली बहुसंख्य झाडं बियांपासून उगवलेली आहेत, आणि खजुराची बी म्हणजे निव्वळ लॉटरी. नर-मादी झाडं वेगळी, म्हणजे निम्मी रोपं नरच निघणार. उरलेल्या माद्यांमध्ये आईची चव उतरेलच याची काही हमी नाही. आणि हा निकाल कळायला चार-पाच वर्षं थांबायचं!

यावरचा जुना उपाय म्हणजे बुंध्याशी येणारे फुटवे. फुटवा ही आईची हुबेहूब प्रत. पण एक झाड आयुष्यभरात साधारण १० ते ३० फुटवे देतं, तेही तरुणपणीच. शिवाय फुटव्याबरोबर आईचा रोगही येतो.

मोरोक्कोला हे फार महागात पडलं. एकोणिसाव्या शतकात द्रा नदीच्या खोऱ्यात 'बायूद' नावाचा रोग दिसला. मातीतली बुरशी मुळांतून आत शिरते आणि झावळ्या पांढऱ्या पडत जातात (अरबीतल्या 'पांढऱ्या'वरूनच हे नाव). शंभरेक वर्षांत तिने मोरोक्कोतली एक कोटीहून जास्त झाडं मारली. यात सगळ्यात आधी बळी गेले ते चविष्ट वाण. आज मॉलमध्ये मिळणारा मेदजूल त्यातलाच. १९२७ साली वॉल्टर स्विंगल या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने बू देनिब गावातून मेदजूलचे ११ फुटवे अमेरिकेत नेले. रोगाच्या भीतीने ते कॅलिफोर्नियात न लावता नेवाडात एकाकी ठेवले. त्यातले ९ जगले. अमेरिकेतल्या मेदजूलच्या बागांचं मूळ म्हणजे ही नऊ झाडं. आपल्या भाषेत सांगायचं तर बॅकअप वेळेवर घेतला गेला.

पण नऊ झाडांपासून फुटव्या-फुटव्याने बागा वाढवायच्या म्हणजे पिढी जाते. इथे टिश्यू कल्चर (मराठीत ऊतिसंवर्धन) येतं. जळगावच्या केळीमुळे हा शब्द आपल्याला नवीन नाही. कल्पना मात्र बरीच जुनी. १९०२ मध्ये गॉटलीब हाबरलांट या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने मांडलं की वनस्पतीच्या एका पेशीतून अख्खं झाड उभं राहू शकायला हवं. त्याच्या पेशी काही आठवडे जगल्या, पण एकही विभागली नाही. १९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात एफ. सी. स्टीवर्डने गाजराच्या पेशींपासून रोपं तयार केली, आणि तीही चक्क नारळाच्या पाण्याच्या मदतीने! १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग तंबाखूच्या रसात दडलेलं एखादं नवं संप्रेरक शोधत होते. ते काही मिळालं नाही, पण क्षारांचं योग्य मिश्रण हाती लागलं. जगभरच्या प्रयोगशाळांत आजही तेच ओततात. अशा अपघाती शोधांबद्दल मला फार आदर वाटतो.

खजूर तरीही हट्टीच. त्याला वाढीचा कोंब एकच. तो कापला की झाड मेलं, म्हणून एक फुटवा बळी द्यायचा, झावळ्या सोलत आतल्या पांढऱ्या गाभ्यापर्यंत जायचं. बाटलीत ठेवल्यावर तो तुकडा स्वतःच्याच रसायनांनी काळा पडतो. १९७९ मध्ये ब्रेंट टिसेराट यांनी कॅलिफोर्नियात जमवलेली कृती अशी: मुराशिगे-स्कूगचं मिश्रण, ते काळं रसायन शोषायला कोळशाची पूड, आणि लिटरला १०० मिलिग्रॅम टू-फोर-डी. हो, तणनाशक म्हणून मारतात तेच टू-फोर-डी! त्याने पेशींचा बेढब गोळा वाढतो, आणि पुढे औषध काढून घेतलं की त्या गोळ्यातून भ्रूण फुटतात. बियांशिवाय, हजारोंनी.

मग बग सापडला. बसऱ्याचा बर्ही हा वाण पिवळा असतानाच गोड लागतो, म्हणून त्याच्या लाखो प्रती निघाल्या. २००० सालच्या आसपास तक्रारी प्रसिद्ध होऊ लागल्या. रोपं तरतरीत, झाडं उंच, पण फलधारणा बिघडलेली. एका फुलातून तीन-तीन बारकी, बिनबियांची फळं. बाटलीत किंवा नर्सरीत हे ओळखू येत नव्हतं. शेतकऱ्याने काही वर्षं पाणी-खत घातल्यावर थेट प्रॉडक्शनमध्ये कळत होतं. काही झाडं पुढे आपोआप सुधारलीसुद्धा, म्हणजे डीबग करणाऱ्याचं डोकं फिरायचीच वेळ!

असाच दोष तेलताडातही होता. त्याचं कारण मलेशियाच्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये दाखवलं. डीएनएची अक्षरं जशीच्या तशी होती, पण त्यांच्यावरच्या रासायनिक खुणा एका जागी पुसल्या गेल्या होत्या. कोड तोच, कॉन्फिगरेशन बदललं. त्या जागेचं शास्त्रज्ञांनी ठेवलेलं नाव 'कर्म'. (खरंच.)

म्हणून काही प्रयोगशाळा हा पेशींचा गोळाच टाळतात आणि कोंबातून थेट कोंब फोडतात. त्यात वेळ जास्त लागतो, रोपं कमी मिळतात, पण प्रत मुळाशी जास्त इमानी राहते. मोरोक्कोत बायूदला दाद न देणारी, बऱ्यापैकी चवीची एक मादी निवडून टिश्यू कल्चरने वाढवली. मरून पडलेल्या बागांमध्ये आता तिची रोपं लावतात. तिचं नाव 'नज्दा', म्हणजे सुटका.