परळचा खुला अंक

‘इंडेक्स मेडिकस’ या वैद्यकीय लेखांच्या छापील सूचीचा जाडजूड खंड काढायचा, रोगाच्या नावाखालच्या बारीक टायपातल्या रांगांवरून बोट फिरवायचं, हवा तो लेख सापडला की परदेशातल्या लेखकाला रिप्रिंट मागणारं छापील कार्ड टाकायचं आणि टपालाची वाट बघायची. इंटरनेटपूर्वी आपल्याकडच्या वैद्यकीय संशोधकाचं वाचन असं चाले. १९९७मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने पबमेड ही लेखांची ऑनलाइन सूची सर्वांना मोफत खुली केली आणि शोधण्याचे कष्ट संपले. वाचण्याचे मात्र संपले नाहीत. सारांश दिसे, पुढे कुलूप. म्हणून इंटरनेटने ज्ञान खुलं केलं हे अर्धसत्य आहे. कुलूप काढायचं की नाही ते माणसांनी ठरवलं, आणि सगळं अडलं ते खर्च कोणी सोसायचा यावर. १९९९मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे (एनआयएच) संचालक हॅरल्ड वार्मस यांनी ‘ई-बायोमेड’ ही सगळे लेख एका जागी मोफत देण्याची योजना मांडली. प्रकाशकांनी कडाडून विरोध केला आणि २०००मध्ये ‘पबमेड सेंट्रल’ ही तिची छाटलेली आवृत्ती तेवढी उभी राहिली. मग वार्मस आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये ‘प्लॉस बायोलॉजी’ हे नियतकालिक काढलं: वाचकाला मोफत, लेखकाला १५०० डॉलर. शुल्कात माफी मिळे, पण ती मागावी लागे. कुलूप वाचकाच्या दारावरून निघालं ते लेखकाच्या दारावर बसलं.

हे अटळ नव्हतं, याचा पुरावा मुंबईच्या परळमध्ये आहे. सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालयाच्या स्टाफ सोसायटीचं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ १९५५पासून निघतं. मुंबईच्याच मेडनो या प्रकाशन कंपनीच्या मदतीने ते इंटरनेटवर आलं तेव्हा लेखकाकडून शुल्क नाही आणि वाचकाकडूनही नाही. छापील अंकाची वर्गणी तेवढी चालू. जुने लेख खुले होताच इतर संशोधक त्यांचे दाखले अधिक देऊ लागले, हे संपादकांनी मोजून दाखवलं. फुकट म्हणजे निकृष्ट, हा आक्षेप नेहमीचा. पण पैसे घेऊन काहीही छापणारी बोगस नियतकालिकं लेखकाच्या शुल्कावरच पोसली गेली. आणि २०२०मध्ये सर्जिस्फिअर या कंपनीच्या संशयास्पद आकड्यांवरचा लेख छापून दोन आठवड्यांत मागे घ्यावा लागला तो ‘लॅन्सेट’सारख्या जुन्या, नावाजलेल्या नियतकालिकाला. २०११मध्ये मेडनो वोल्टर्स क्लुव्हर या बड्या प्रकाशकाने विकत घेतली, तेव्हा प्रयोग टिकला कुठे, असंही कोणी विचारेल. विकली गेली ती छपाई-वितरणाची कंपनी. नियतकालिकाची मालकी परळच्या डॉक्टरांकडेच राहिली.