ट्रॅकसाठी कार जितकी खाली, तितकी भारी?

कार ट्रॅकवर न्यायची ठरलं की बरेच जण आधी गाडी खाली बसवून घेतात. काही जण तर पैसे वाचवायला ग्राइंडरने स्प्रिंगचे एक-दोन वेढेच कापतात. गाडी दिसते एकदम रेसिंगची, पण वळणावर ती आधीपेक्षा वाईट वागू शकते. असं का?

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअप, तिचे हेलकावे आवरतो. वेढे कापले की स्प्रिंग कडक होते, शॉकअप मात्र जुन्या स्प्रिंगच्या हिशोबाचाच राहतो. त्याला ती आवरत नाही आणि टायर रस्त्याला चिकटण्याऐवजी उड्या मारू लागतो. शिवाय कापलेलं टोक आपल्या जागी नीट बसत नाही, हा धोका वेगळाच.

दुसरी गंमत पुढच्या चाकांची. स्विफ्ट, पोलोसारख्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. वळणावर बॉडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, त्याला रोल सेंटर म्हणतात. अशी गाडी खाली आणली की बॉडी जितकी खाली येते, त्याहून हा बिंदू जास्त खाली जातो. दोघांतलं अंतर वाढतं आणि गाडीला कलवणारा जोरही वाढतो! त्यात चाकाला वर-खाली व्हायला जागा कमी उरते. वळणाच्या मध्येच सस्पेन्शन रबरी बंप स्टॉपवर आदळलं, तर पकड अचानक सुटते.

कडक स्प्रिंगने वजन बाहेरच्या चाकांवर जाणं थांबतं, हाही गैरसमजच. एकूण किती वजन सरकणार हे गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर आणि वळण्याचा जोर यांवर ठरतं. स्प्रिंगमुळे फक्त कलणं कमी होतं.

मग पैसे कुठे घालायचे? आधी चांगले टायर, ताजं ब्रेक ऑइल आणि झिजलेले बुश बदलणं. त्यानंतर अलाइनमेंट, खास करून कॅम्बर. गाडी कलली की बाहेरचा टायर त्याच्या बाहेरच्या कडेवर घासतो. म्हणून चाकाचा वरचा भाग थोडा आत झुकवतात, हाच निगेटिव्ह कॅम्बर. ट्रॅकवर पुढच्या चाकांना दोन ते तीन अंश ठेवणारे बरेच आहेत. रोजच्या वापरात मात्र इतक्या कॅम्बरने टायरची आतली कड लवकर झिजते.

गाडी वळणावर नाकाच्या दिशेने सरळच जात असेल (समोर इंजिन आणि पुढच्या चाकांना ताकद असलेल्या गाड्यांचा हा नेहमीचा रोग), तर मागचा अँटी-रोल बार जाड केल्याने फरक पडतो. अति केलं तर मागची बाजू सुटते, तेव्हा जपून.

उंची बदलता येणारे कॉइलओव्हर घ्यायचे ते यानंतर. त्यातही स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांसाठीच बनवलेले हवेत. पुण्या-मुंबईहून कोईम्बतूरचा कारी स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक गाठायचा, तर वाटेतले स्पीडब्रेकर याच गाडीने पार करायचे आहेत!

आणि हो, मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारे बदल करायला बंदी आहे. नेहमीच्या विमा पॉलिसीत रेसिंग आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. ट्रॅकवर गाडी ठोकली, तर खर्च बहुधा मालकाच्याच खिशातून जातो.