तुझा नंबर

गोंदियाहून निघालेली छोट्या लाइनीची गाडी तुला मध्य प्रदेशातल्या हट्टा रोडवर उतरवते. साल 1985, जानेवारी. धान घरात आलंय, हाताला जरा उसंत आहे. मार्चअखेर सरकारचा आकडा पुरा व्हायचाय, म्हणून हिवाळाभर नसबंदीची शिबिरं चालतात. तिसरं पोर सासूच्या मांडीवर ठेवून तू आली आहेस. 'बिनटाक्याचं आहे, संध्याकाळी घरी,' असं सांगून आरोग्य खात्याच्या बाईने तुला आणलं. तिच्या वहीत तू एक केस आहेस.

हिंदीतल्या कागदावर तुझा अंगठा उठतो. दंडावर चिकटपट्टी, तिच्यावर नंबर. टेबलावर डोकं खाली, पाय वर. आतडी छातीकडे सरकावीत म्हणून. बेंबीखाली सुई टोचते, पोट हवेने फुगतं आणि दुखायला लागतात ते खांदे. "हालू नको, माय," सिस्टर म्हणते. दुर्बीण आत जाते. चिमटा नळीला धरून वर ओढतो, तिचा वेढा होतो, त्याच्यावर बारीक सिलिकॉनचं कडं चढतं. मग दुसरी बाजू. वेढ्याला रक्त मिळत नाही, तो सुकतो आणि नळीची टोकं अलग होतात. नळी कोणी काढून घेत नाही. क्वचित कडं फसतं, गर्भ नळीतच रुजतो, नळी फुटते. तेव्हा मात्र ती कापून काढावी लागते, तीही धावपळीत, कारण पोटात रक्त साचत असतं.

उठायच्या आधी कोपऱ्यातला ट्रे बघून घे. तुझ्या पोटातून निघालेली दुर्बीण जंतुनाशकात वीस मिनिटं बुडून राहायला हवी. बाहेर रांग असली की पहिल्यांदा कापली जातात ती हीच मिनिटं. म्हणूनच पुढे नियम आला: एका पथकाने दिवसाला जास्तीत जास्त 30 शस्त्रक्रिया करायच्या, त्याही तीन दुर्बिणी असतील तरच.

बैहरकडच्या बैगा आदिवासी बाईला या रांगेत यायची परवानगी नाही. जमात घटू नये म्हणून मध्य प्रदेश सरकारने 1979 मध्ये त्यांची नसबंदी बंद केली. तुझ्यासाठी आकडा ठरवला तो सरकारने आणि तिच्यावर मनाई घातली तीही सरकारनेच. दोघींना विचारलं कोणीच नाही.

आता नोव्हेंबर 2014 मध्ये चल, छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळच्या सकरीला. बंद पडलेल्या एका खाजगी इस्पितळात काही तासांत 83 बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या. त्या आठवड्यातल्या शिबिरांनंतर जिल्ह्यात किमान 13 जणी दगावल्या. त्यांतली एक बैगा होती. 14 सप्टेंबर 2016 रोजी कार्यकर्त्या देविका बिस्वास यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत शिबिरं बंद करायला सांगितलं. हे आधीच झालं असतं तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांपैकी 37.9 टक्क्यांनी बाईच्या नसबंदीवर भिस्त ठेवली होती, पुरुषाच्या नसबंदीवर 0.3 टक्क्यांनी. पुरुषाचं ऑपरेशन पोट न उघडता, तेवढ्या जागेपुरती भूल देऊन काही मिनिटांत होतं. 1985 मध्येही होत होतं. वही घेऊन बाई तुझ्या दारात आली तेव्हा तुझा नवरा घरातच होता, पण तिने हाक मारली ती तुला.